गृहारोग्य : खालची कवळी का ठरत नाही?

अहमदपूर येथील एका वाचकभगिनींनी पुढील आशयाचे पत्र पाठविले आहे. त्यांच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी उरलेसुरले दात काढून वरची व खालची अशा दोन्ही कवळ्या त्यांना करून दिल्या. वरची पहिल्या दिवसापासून घट्ट बसली. खालची मात्र एक दिवसही तोंडात ठरली नाही. बोलताना ती उचलते, चावताना पुढे सरकते, आणि चार घास होतात न होतात तोच हनुवटीच्या बाजूस कळ मारते. तीन-चार वेळा ती घासून आणली. गुण आला नाही. आता सासूबाई ती डबीत घालून ठेवतात, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि चारचौघांत तोंड हलविण्याचा संकोच वाटतो म्हणून सर्वांची पाने उठल्यावर एकट्या जेवतात. पाहुणे आले की बोलणेही टाळतात. ‘घरातील पुरुषमंडळींचे म्हणणे, त्यांना सोसण्याची सवय नाही. कवळी करणारांचेही म्हणणे, सवयीने बसेल. मला वाटते की, ज्यांनी उभा जन्म घरासाठी सोसले त्यांना ह्या एकाच गोष्टीत सोसवत नाही, हे कसे? दोष त्यांचा की कवळीचा? आणि नवी करावयाची तर काय पाहून करावी?’

प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही आधीच सांगून टाकतो. सवयीचा भाग आहे, पण तो काही आठवड्यांचा. दोन वर्षांत जी कवळी बसली नाही ती आणखी दोन वर्षांनी सवयीने बसेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष तोंड पाहिल्यावाचून निश्चित निदान करणे बरे नव्हे. तथापि पत्रातील लक्षणांवरून दोष बाईंच्या स्वभावात नसून कवळीत, आणि कवळीतही बहुधा तिच्या ठशात, म्हणजे लोक ज्याला ‘माप’ म्हणतात त्यात, असावा असे दिसते. हे असे का होते ते आता पाहू.

वरची आणि खालची

वरची व खालची कवळी एकाच दिवशी, एकाच हाताने झाली तरी त्यांचे नशीब सारखे नसते. वरची कवळी सगळा टाळू झाकते. तिच्या व टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ पापुद्रा असतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात, पण सरळ ओढून सुट्या होत नाहीत. तोच हा प्रकार. शिवाय कडा सर्व बाजूंनी मऊ त्वचेत नीट रुतल्या म्हणजे आत हवा शिरत नाही आणि कवळी जागच्या जागी राहते.

खालच्या कवळीस ह्यांपैकी पुरते काहीच लाभत नाही. मध्ये जीभ आहे, म्हणून तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा करावा लागतो. पाठ्यग्रंथांत दिलेल्या सरासरी मापांप्रमाणे वरच्या कवळीस टेकावयास सुमारे २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तर खालचीस जेमतेम १२. जागा निम्मी, पण कडा मात्र लांबलचक, आतून एक व बाहेरून एक. म्हणजे हवा शिरण्यास वाटा अधिक. त्यात खालचा जबडा हलता, जीभ कधी स्वस्थ न बसणारी, आणि गाल, ओठ व जिभेखालचे स्नायू चोहोंकडून ढकलणारे. वरची कवळी भिंतीवर चिकटविलेल्या चित्रासारखी, तर खालची वाहत्या पाण्यातील होडीसारखी असते. होडीला चित्राचा न्याय लावून चालत नाही.

ह्यावर आणखी एक संकट म्हणजे हाडाची झीज. हिरडीखालचे उंचवट्याचे हाड दातासाठी असते; दात गेला की ते हळूहळू विरघळू लागते. टालग्रेन ह्या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची सरासरीने नऊ-दहा मिलिमीटर घटलेली आढळली, तर वरच्याची अडीच-तीन मिलिमीटरच. म्हणजे ज्या जबड्यावर आधीच जागा कमी, तोच चौपट झिजतो. झीज वाढली की उंचवट्याचा बांध सपाट होतो, क्वचित त्याच्या जागी खाच पडते, आणि बाजूचे स्नायू जणू त्याच्या माथ्यावरच येऊन बसतात. हनुवटीच्या दोन्ही अंगांस हाडातून एक ज्ञानतंतू बाहेर पडतो. एरवी त्याचे तोंड हिरडीच्या बरेच खाली असते. झीज झाली की तेच वर, कवळीच्या ऐन दाबाखाली येते. चावताना हनुवटीकडे कळ जाते ती बहुधा ह्यामुळे. तिला नाजूकपणा म्हणणे म्हणजे पायात काटा असलेल्यास चालण्याचा आळशी म्हणण्यासारखे आहे.

ठशाची विद्या

कवळी ही ठशाची प्रतिमा असते. ठशात जे आले नाही ते कवळीत येत नाही, आणि ठशात जे चुकले ते पुढे कितीही घासले तरी पुरते सुधारत नाही. म्हणून ह्या विद्येचा थोडा इतिहास पाहणे मनोरंजक आहे.

प्रारंभी मधमाश्यांच्या मेणाचा ठसा घेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लास्टर व गटापर्चा वापरात आले. त्याच सुमारास लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांनी गटापर्चात इतर पदार्थ मिसळून उन्हाने मऊ व गारव्याने कठीण होणारे एक मिश्रण सिद्ध केले. हृदयाच्या रक्तवाहिनीत हल्ली जी ‘स्टेंट’ घालतात तिचे नाव ह्याच गृहस्थांवरून आले असे मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ग्रीन बंधूंनी असे दाखविले की, तोंड उघडे ठेवून नुसता लगदा दाबण्यापेक्षा रोग्याला ओठ-गाल हलवावयास लावून ठशाच्या कडा घडवाव्या. पुढे १९३० नंतरच्या दशकात लवंगेच्या तेलातील युजेनॉल व झिंक ऑक्साइड यांचा मलम आला, तसेच समुद्री शेवाळापासून केलेले अल्जिनेट आले. दातदुखीवर आजी लवंग धरावयास सांगत असे. त्याच लवंगेचा अर्क कवळीच्या ठशातही कामास आला आहे.

ठसा किती दाबून घ्यावा ह्याविषयी तीन पक्ष झाले. एक म्हणे, चावताना हिरडी दबते, म्हणून ठसाही दाबून घ्यावा. दुसरा म्हणे, हिरडी स्वस्थ असतानाचाच ठसा खरा. मुळीच दाबू नये. तिसऱ्याने मध्यममार्ग काढला: जी जागा भार सोसू शकते तेथे दाब द्यावा, जी सोसू शकत नाही तेथे सूट ठेवावी. खालच्या जबड्यात गालाच्या बाजूस, दाढांच्या जागेलगत, घट्ट हाडाची एक आडवी पायरी असते. भार तिने घ्यावयाचा. धारदार झालेला माथा आणि ज्ञानतंतूचे तोंड यांना मोकळीक द्यावयाची. आज पुष्कळ ठिकाणी शिकविला जातो तो हाच मार्ग.

ठसा दोनदा घ्यावा लागतो

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट आठवून पाहावी. सासूबाईंचे माप एकदाच घेतले होते काय? ठसा एकाच बैठकीत, तयार मिळणाऱ्या धातूच्या तबकात अल्जिनेट भरून उरकला असेल, तर रोगाचे मूळ तेथेच असण्याचा पुष्कळ संभव आहे. तयार तबक कोणाच्याच तोंडाचे नसते. त्यातील जाड लगदा गाल व ओठ बाहेर लोटतो, जीभ आत दाबतो. त्यामुळे कडा वाजवीपेक्षा लांब उमटतात. मग त्या प्रयोगशाळेत अंदाजाने छाटल्या जातात. अंदाज लांब पडला तर बोलताना स्नायू कवळीला उचलून फेकतात. आखूड पडला तर कड सुटी राहते, हवा शिरते आणि कवळी तरंगते.

योग्य रीत अशी. पहिला ठसा फक्त ओळखीपुरता. त्यावरून प्लास्टरचा साचा करावा, आणि त्या साच्यावर त्या रोग्यापुरते स्वतंत्र तबक बनवावे. हे तबक तोंडात घालून आधी त्याच्या कडा तपासतात: ओठ ओढला, जीभ वर केली, तोंड मोठे उघडले तरी ते उचलता कामा नये. नंतर कडांवर हिरव्या कांडीचे मिश्रण ज्योतीवर मऊ करून थोडे थोडे लावतात, पाण्यात बुडवून सोसवेल इतपत करून तोंडात घालतात, आणि रोग्याला हालचाली करावयास सांगतात. जीभ वरच्या ओठास लावा, डावीकडे न्या, उजवीकडे न्या, गिळा, तोंड उघडा, गाल आत ओढा. अशा रीतीने स्नायू स्वतःच आपली सीमा आखून देतात. कडा अशा घडल्या की शेवटी पातळ मलमाने आतला बारीक तपशील उमटवावयाचा. हे काम घाईचे नाही. ज्या दंतवैद्याने कडांसाठी वेळ घेतला त्याला मंद समजू नये. तोच वेळ पुढे रोग्याचे हेलपाटे वाचवितो.

तीन ठिकाणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, शेवटच्या दाढेमागे नाशपातीच्या आकाराची एक मऊ गादी असते. कवळीने ती झाकलीच पाहिजे, कारण तेथील हाड फारसे झिजत नाही व मागची कड तेथेच बंद होते. पुष्कळ कवळ्या ह्या गादीच्या अलीकडेच थांबतात. दुसरे, गालाकडील ती पायरी, जिचा उल्लेख वर केला. तिसरे, जिभेखालची खोल बाजू. येथे कवळी पुरेशी खाली गेली नाही तर तिला बाजूचा आधार मिळत नाही, आणि अति खाली गेली तर जीभ हलताच ती उपटून निघते.

हिरडी अगदीच सपाट झालेली असेल तर काही निराळ्या युक्त्या आहेत. ब्रिटनमधील मॅकॉर्ड व टायसन यांनी १९९७ साली सुचविलेल्या रीतीत साध्या इंप्रेशन कंपाउंडचे तीन भाग व हिरव्या कांडीचे सात भाग ऊन पाण्यात एकत्र मळून त्याचा ठसा घेतात. हा गोळा जड असल्याने वर लोंबणारी सैल त्वचा बाजूस सारतो, आणि सावकाश घट्ट होत असल्याने स्नायूंना कडा घडविण्यास अवसर मिळतो. जपानातील जिरो आबे यांनी ठसा तोंड मिटलेल्या स्थितीत घेण्याच्या रीतीवर भर दिला आहे. रोग्याने ओठ मिटावे, ‘ऊ’ व ‘ई’ असा उच्चार करावा, जीभ फिरवावी, गिळावे. म्हणजे कवळी घातल्यावर तोंड जसे वागणार तशाच वागणुकीत ठसा उमटतो, आणि चहूबाजूंनी कड बंद झाली तर खालची कवळीही वरचीप्रमाणे धरून राहू शकते. प्रत्येक तोंडात हे साधतेच असे नाही. पण सपाट हिरडीपुढे हात टेकण्याचे कारण नाही, एवढे खरे.

ठसा उत्तम असूनही दात चुकीच्या जागी बसविले तर सर्व श्रम व्यर्थ जातात. जीभ आतून बाहेर लोटते, गाल व ओठ बाहेरून आत लोटतात. ह्या दोन्ही जोरांची जेथे बरोबरी होते त्या पट्ट्यात खालचे दात असावेत. स्नायूंच्या जोरावरच खालची कवळी स्थिर करता येते हा विचार विल्फ्रेड फिश यांनी १९३३ साली मांडला, आणि तो आजही टिकून आहे. दात आत बसले की जिभेला जागा उरत नाही व ती प्रत्येक शब्दास कवळीखाली शिरून तिला उचलते.

घरी काय पाहावे

दोष कोठे आहे ह्याचा सुगावा घरीही लागतो. कवळी घालून जीभ सैल ठेवावी, तोंड थोडेसे उघडावे. एवढ्यानेच कवळी वर आली तर कडा लांब असण्याचा संभव आहे. एका बाजूच्या दाढांवर बोटाने हलकेच दाबले असता दुसरी बाजू उचलली तर बैठक सारखी नाही, अथवा दात फार बाहेर बसले आहेत. उघड्या तोंडी स्थिर राहते पण दात मिटताच सरकते, तर वरखालचे दात समतोल जुळत नाहीत. ही परीक्षा दंतवैद्यास सांगण्यासाठी आहे, घरी कानस घेऊन कवळी घासण्यासाठी नव्हे. ज्या दिवशी दाखवावयास जायचे त्याच्या आधी काही तास कवळी घालून राहावे, म्हणजे टोचलेली जागा लाल दिसते व नेमकी तेवढीच घासता येते. उलट नवा ठसा द्यावयाचा असेल तेव्हा जुनी कवळी किमान एक रात्र, शक्य तर चोवीस तास किंवा अधिक, काढून ठेवावी. दबलेल्या, सुजलेल्या हिरडीचा ठसा घेतला तर सुजेचीच कवळी तयार होते.

जिभेलाही थोडे शिकवावे लागते. काही माणसांना जीभ मागे ओढून धरण्याची खोड असते. त्यामुळे तोंडाचा तळ वर येतो व कवळी सुटते. जिभेचे टोक खालच्या पुढील दातांस हलके टेकवून ठेवण्याचा सराव करावा. मोठ्याने वाचन केल्याने हा सराव चांगला होतो. पोथी वाचणाऱ्या वृद्धांस तर तो आयताच आहे. पहिले काही दिवस मऊ भात, वरण, शिजवून मऊ केलेली भाजी. घास लहान आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावयाचा. पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडू नये. तो हातानेच मोडावा. आणि अपेक्षाही वाजवी असावी. उत्तम कवळीनेसुद्धा मूळच्या दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी, जोर लागतो. कडक भाकरी व शेंगदाणे पूर्वीसारखे खाता येतील असे वचन कोणी देत असेल तर सावध राहावे.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, ब्रशने स्वच्छ करावी, उकळत्या पाण्यात कधीही घालू नये. हाड झिजत राहते म्हणून काही वर्षांनी बैठक तपासून आतून नवे अस्तर लावून घ्यावे लागते. रस्त्यावर बसून तारा व मसाला लावून दात ‘पक्के’ करून देणाऱ्यांकडे जाऊ नये. दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला, आणि नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास मनाई आहे. तोंडात आठ-पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, विशेषतः मिश्री वा तंबाखूची सवय असेल, तर ती कवळीची म्हणून सोडून न देता त्वरित दाखवावी.

आणखी दोन वाटा

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे दात अद्याप काढावयाचे आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना. खालचे दोन सुळे जरी शाबूत असतील तरी सगळे काढण्याची घाई करू नये. त्यांची मुळे ठेवून वर कवळी बसविता येते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या क्रम व रूनी यांच्या अभ्यासात पाच वर्षांत अशा रोग्यांच्या खालच्या जबड्याचे पुढील हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले. सगळे दात काढलेल्यांचे ५.२. दोन मुळांनी एवढे राखले.

दुसरी वाट हाडात स्क्रूसारखे आधार बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दंतहीन खालच्या जबड्यास अशा दोन आधारांची कवळी हा प्रथम पसंतीचा उपाय ठरावा असे मत दिले. उपाय खरोखर गुणकारी आहे. पण शस्त्रक्रिया लागते, खर्च पुष्कळ येतो, आणि मधुमेह काबूत नसेल तर आधी तो आवरावा लागतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आपण काहीतरी कमी करीत आहो असे मानू नये. नीट घेतलेल्या ठशाची साधी कवळी हजारो घरांत काम देत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. अहमदपूरहून एका बाजूस लातूर व दुसऱ्या बाजूस नांदेड. दोन्ही ठिकाणी दंतमहाविद्यालये आहेत, आणि छत्रपती संभाजीनगरास शासकीय दंतमहाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने कवळी करतात. फेऱ्या अधिक पडतात, पण कोणतीही पायरी गाळली जात नाही. खाजगीत करावयाची तर कवळ्यांच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट, दंतवैद्याकडे जावे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साधनांत कृत्रिम कवळीचाही समावेश केलेला आहे. शेजारीपाजारी कोणी गरजू असेल तर त्यांच्या कानी हे घालावे.

तेथे गेल्यावर विनयाने चार गोष्टी विचाराव्या: दुसरा ठसा स्वतंत्र तबकात घेणार काय? कडा हालचाली करवून घडविणार काय? मागची गादी झाकणार काय? कायमची कवळी करण्यापूर्वी मेणावरचे दात तोंडात घालून दाखविणार काय? ज्यास आपले काम येते त्याला ह्या प्रश्नांचा राग येणार नाही. जुनी कवळीही बरोबर न्यावी. तिच्यातील दोष पाहून नवी करणारास पुष्कळ शिकावयास मिळते. सासूबाईंसोबत घरातील एकाने प्रत्येक फेरीस जावे, कारण ह्या वयात प्रवासाचे दडपण मोठे असते आणि ‘बरे आहे’ म्हणून वेळ मारून नेण्याकडे कल असतो.

आणि नवी कवळी होईतो एक गोष्ट आजपासूनच करता येईल. भाकरी कुस्करलेलीच असू द्या, पण पान सर्वांच्या पंगतीत मांडा. दूध-भाकरीवर भागविताना आहारातील सत्त्व घटत नाही ना, हेही पाहावे: मऊ मुगाचे वरण, शिजवून घोटलेली पालेभाजी, ताक, शेंगदाण्याचे बारीक कूट हे सर्व दातांवाचून खाता येते. ‘सवय नाही’ हा शब्द मात्र घरात पुन्हा उच्चारला जाऊ नये. जबडा झिजला आहे, ठसा चुकला असण्याचा संभव आहे, आणि ठसा पुन्हा घेता येतो.